बॉल पुढे द्यायचा असतो

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बऱ्याच गटांनी मागितला म्हणून इथे छापत आहोत.)

महासंघाच्या अध्यक्ष ताई, सचिव ताई, ग्रामसंघांच्या पदाधिकारी, सीआरपी ताई, आणि पहाटे उठून धारा काढून, डबे भरून, कोणी वडापने तर कोणी चालत इथवर आलेल्या माझ्या सगळ्या ताया, काकू, मावश्या आणि आज्या.

मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. अहवाल आत्ताच वाचून झाला, त्यामुळे बचतीचे आकडे मी परत सांगत नाही. आज मी एका खेळाडू बाईची गोष्ट सांगणार आहे. खेळ व्हॉलीबॉलचा आणि बाई चीन देशातली. तुम्ही म्हणाल, आमचा तिच्याशी काय संबंध? थोडं ऐका, शेवटी सांगते.

व्हॉलीबॉल तुम्ही बघितलाय. संध्याकाळी हायस्कूलच्या मैदानावर पोरं नेट बांधून खेळतात तो. मी पण शाळेत तालुक्यापर्यंत खेळले आहे. नियम बरेच आहेत, तुम्ही दोनच लक्षात ठेवा. पहिला नियम, एका बाजूला सहा जणी असतात. बॉल आपल्याकडे आला की जास्तीत जास्त तीन वेळा हात लावून तो पलीकडे घालवायचा, आणि एकाच बाईने लागोपाठ दोनदा हात लावायचा नाही. म्हणजे एखादी कितीही हुशार असली तरी तिला बॉल दुसरीकडे द्यावाच लागतो. दुसरा नियम, समोरच्यांची सर्व्हिस मोडली की आपल्या सगळ्या जणी एकेक जागा सरकतात. पुढची मागे जाते, मागची पुढे येते. कुणी एकाच जागेवर ठाण मांडून बसत नाही.

आता त्या बाईंकडे येऊ. त्यांचं नाव लांग पिंग. जन्म १९६० चा. उंची सहा फूट. नेटजवळ उडी मारून असा फटका हाणायच्या की लोकांनी त्यांना नावच ठेवलं, लोखंडी हातोडा. १९८१ साली जपानमध्ये विश्वचषक स्पर्धा झाली, ती चीनच्या बायकांनी जिंकली. पुढच्या वर्षी पेरू देशात जागतिक अजिंक्यपद जिंकलं. मग १९८४ चं ऑलिंपिक आलं, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. तिथं सुरुवातीच्या सामन्यात चीन अमेरिकेकडून हरला होता. अंतिम सामना परत त्याच अमेरिकेशी, त्यांच्याच देशात, सगळे प्रेक्षक त्यांचे. तो सामना या बायकांनी सरळ तीन सेटमध्ये जिंकला आणि सोन्याचं पदक घेतलं. १९८५ ला परत विश्वचषक. लांग पिंग तेव्हा पंचवीस वर्षांच्याही नव्हत्या, आणि चीनमध्ये घराघरात त्यांचं नाव झालं होतं.

इथं गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. पण मला खरी गोष्ट इथून पुढची वाटते.

खेळणं थांबवल्यावर त्या १९८६ च्या जागतिक स्पर्धेत संघाच्या सहायक कोच होत्या. कोच म्हणजे शिकवणारी. मग १९८७ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. न्यू मेक्सिको नावाच्या विद्यापीठात शिकू लागल्या आणि तिथल्याच मुलींच्या संघाला शिकवायला मदत करू लागल्या. विचार करा, आपल्या देशात एवढा मान असलेली बाई परक्या देशात, परक्या भाषेत, वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसली. आपल्यातल्या किती जणी साक्षरतेच्या वर्गाला बसताना म्हणतात, "आता या वयात काय शिकायचं, लोक हसतील." म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

इकडे चीनचा संघ खाली गेला. १९९२ च्या ऑलिंपिकला सातवा नंबर आणि १९९४ च्या जागतिक स्पर्धेत आठवा. १९९५ ला त्यांनी लांग पिंगना बोलावून घेतलं आणि मुख्य कोच केलं. तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती. दुसऱ्याच वर्षी, १९९६ च्या ऑलिंपिकला, संघाने रौप्यपदक मिळवलं. १९९८ ला जागतिक स्पर्धेतही रौप्य. पण तब्येत साथ देईना, म्हणून त्यांनी काम सोडलं. पुढे इटलीतल्या क्लबना शिकवलं. २००५ मध्ये अमेरिकेच्या संघाच्या कोच झाल्या. मुलगी अमेरिकेत वाढत होती, तिच्याजवळ राहता येईल हेही मनात होतं.

आणि मग २००८ चं ऑलिंपिक भरलं ते थेट चीनच्या राजधानीत, बीजिंगला. लांग पिंग अमेरिकेच्या बाकाजवळ आणि समोर त्यांचा स्वतःचा देश. अमेरिका तो सामना तीन विरुद्ध दोन सेटने जिंकली. काही लोकांनी त्यांना नावं ठेवली. आपल्याकडे सासरी गेलेल्या पोरीला माहेरचे कधी कधी बोलतात ना, तसंच काहीसं. त्यांनी आपलं काम केलं. अमेरिकेला त्या वर्षी रौप्यपदक मिळालं.

तायांनो, कोचचं काम कसं असतं ते सांगते. कोचला सामना चालू असताना मैदानात पाय ठेवता येत नाही. रेषेच्या बाहेर उभं राहायचं. समोर पोरगी चुकते आहे, बॉल हातातून निसटतो आहे, आणि आपल्याला माहीत आहे की तो कसा मारायचा. आपण जगात सगळ्यात भारी मारत होतो. तरी हात लावायचा नाही. तीस सेकंदांचा टाइमआउट मिळतो, तेवढ्यात चार शब्द सांगायचे आणि परत बाहेर. मला वाटतं लोखंडी हातोड्याला हेच सगळ्यात जड गेलं असेल.

२०१३ मध्ये चीनने त्यांना परत बोलावलं. या वेळी त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. नेहमीच्या ठरलेल्या खेळाडूंवर भागवलं नाही. भरपूर नव्या पोरी बोलावल्या आणि आळीपाळीने मोठ्या स्पर्धांत उतरवल्या. त्यातली एक होती चू तिंग. खेड्यातल्या शेतकरी घरातली, पाच बहिणींमधली तिसरी. पाच पोरी म्हटल्यावर आपल्याकडे लोक कसे उसासे टाकतात ते तुम्हाला सांगायला नको. या पोरीला लांग पिंगनी अठरा-एकोणीस वर्षांची असताना मोठ्या संघात घेतलं.

२०१६ ला ब्राझील देशात ऑलिंपिक झालं. चीनने सुरुवातीच्या पाचपैकी तीन सामने गमावले, गटात चौथा नंबर लागला. बाद फेरीत समोर आला यजमान ब्राझील, मागची दोन्ही ऑलिंपिकं जिंकलेला आणि तोवर एकही सेट न हरलेला. पहिला सेट चीनने पंचवीस-पंधराने घालवला. तेव्हा लांग पिंगनी कर्णधाराला बाहेर बसवलं आणि बाकावरच्या ल्यू श्याओतोंग नावाच्या मुलीला आत घातलं. पाचवा सेट चीनने पंधरा-तेराने जिंकला. तिथून पुढे उपांत्य सामना आणि अंतिम सामनाही जिंकला आणि सोनं घेतलं. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली ती शेतकऱ्याची पोर, चू तिंग. आणि लांग पिंग व्हॉलीबॉलमध्ये खेळाडू म्हणून एकदा आणि कोच म्हणून एकदा, असं दोन्हीकडून ऑलिंपिकचं सोनं मिळवणाऱ्या जगातल्या पहिल्या व्यक्ती ठरल्या.

शेवट गोड झाला असं मात्र नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकला त्यांचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. चू तिंगचं मनगट दुखत होतं. त्यानंतर लांग पिंगनी पद सोडलं. चांगली शिकवणारी असली तरी हार होते, हेही लक्षात ठेवू.

आता तुम्हाला शब्द दिला होता, आपला संबंध सांगते. त्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल.

मी एमएसडब्ल्यू करून या कामाला लागले तेव्हा मला सगळं पटापट करून दाखवायचं होतं. एका गटात सचिव ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा." मी लिहिलं. इतिवृत्त, बचत वही, कर्ज वही, सगळं. दर महिन्याला अर्ध्या तासात काम व्हायचं, गटाची प्रतवारी उत्तम यायची, माझंही कौतुक व्हायचं. दोन वर्षं असंच चाललं. मग मला डेंग्यू झाला आणि मी दोन महिने घरी होते. तेवढ्यात गटाच्या पुढच्या कर्जाची फाइल द्यायची तारीख आली. वह्या दोन महिने कोऱ्या. कुणाला हिशोब जुळवता येईना, फाइल राहिली. मिरग तोंडावर आलेला. त्यातल्या एका ताईने बियाण्यासाठी सावकाराकडून महिना शेकडा पाचने पैसे उचलले. मी परत गेले तेव्हा ती मला काही बोलली नाही. उलट चहा केला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

मैदानात उतरून मीच बॉल मारत होते, हे मला तेव्हा कळलं. सहा जणी नुसत्या बघत उभ्या होत्या.

त्यानंतर त्या गटात मी दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायला लागले. खरंच बांधून, कारण पेन घ्यायला हात शिवशिवतात. सातवी शिकलेल्या एका सूनबाईने वही धरली. पहिल्या महिन्याला तीन तास लागले. व्याज दोनदा चुकलं, पानावर खाडाखोड झाली. चौथ्या महिन्याला तिने माझी चूक काढली. आता ती शेजारच्या वाडीतल्या गटाला शिकवायला जाते. त्या गटाचं कर्ज यंदा वेळेवर मिळालं.

हे आजच सांगायचं कारण म्हणजे एक एप्रिलपासून माझं क्षेत्र बदलतंय. नवीन समन्वयक येतील, त्यांना वेळ लागेल. तोवर तुमची वही थांबता कामा नये. म्हणून जाण्याआधी तीन गोष्टी मागते.

एक, पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने वही लिहायला दुसरी बाई ठरवावी. आहे त्या सचिव ताईंनी तिच्या शेजारी बसावं, पण पेन तिच्या हातात द्यावं.

दोन, बँकेत दर वेळी त्याच दोघी जाऊ नयेत. सही करणाऱ्यांसोबत एक नवी सदस्य न्यावी. स्लिप तिला भरू द्या. चुकली तर दुसरी स्लिप फुकट मिळते.

तीन, ज्या ताई खूप वर्षं अध्यक्ष आहेत त्यांना हात जोडून सांगते. तुम्ही गट उभा केलात, लोकांचे टोमणे खाल्लेत, म्हणून आम्ही आज इथं आहोत. पद सोडलं की मान जातो असं मनात आणू नका. लांग पिंगचा लोखंडी हातोडा लोक विसरले नाहीत, आणि त्यांनी घडवलेल्या पोरींमुळे त्यांचं नाव दुसऱ्यांदा झालं. एक जागा सरका. मागची पुढे येऊ द्या, आणि तुम्ही तिच्या मागे उभ्या राहा.

मी मार्चअखेरपर्यंत प्रत्येक गटाच्या एका बैठकीला येणार आहे. आल्यावर मागे बसेन. पाणी द्या, चहा द्या, पण पेन देऊ नका.

काही चुकलं असेल तर लहान बहीण समजून माफ करा.