इंग्लंडात रेल्वेचा खर्च कसा वाचवाल?
(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या चारही विंगमधली बरीच मुलं आता परदेशात आहेत. आपण त्यांच्याकडे जातो, पण तिथे गेल्यावर घरातून हलायला संकोच वाटतो. तिकीट काढणार जावई, पैसे देणार मुलगी, मग आपणच म्हणतो, "नको, घरीच बरं आहे." मीसुद्धा तेच म्हणत होतो.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही पाच महिने मँचेस्टरला होतो. त्याच सुमारास हिची थोरली बहीण लंडनला आजारी पडली. ताईला भेटायला जायचं म्हणून जावयाने सकाळच्या गर्दीच्या वेळचं परतीचं भाडं पाहिलं. एका माणसाचे तीनशे पौंडांच्या वर! ही काही बोलली नाही, बाळाचे कपडे घडी करत बसली. ते मला लागलं. मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली. म्हटलं, यात काहीतरी मार्ग असणारच.

तर पहिली गोष्ट म्हणजे वेळ. तिथे एकाच गाडीमार्गाचं भाडं वेळेप्रमाणे बदलतं. सकाळची ऑफिसची वेळ टाळली की 'ऑफ-पीक' तिकीट मिळतं, ते खूपच कमी. त्याहून स्वस्त 'अ‍ॅडव्हान्स' तिकीट. ही तिकिटं साधारण बारा आठवडे आधी विक्रीला येतात, पण ती ठरलेल्या गाडीलाच चालतात. गाडी चुकली की तिकीट गेलं, आणि रद्द केलं तरी पैसे परत नाहीत.

दुसरी गोष्ट रेलकार्ड. साठी उलटलेल्यांसाठी सीनियर रेलकार्ड असतं. तेव्हा वर्षाला 30 पौंड होते, आता 35 झालेत. बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. म्हणजे साठ पौंडांचं तिकीट चाळीसला. दोघांनी लंडनची एक खेप केली की कार्डाचे पैसे बहुतेक वसूल. तिथले रहिवासी असण्याची अट नाही, वयासाठी आपला पासपोर्ट चालतो. (आपल्याकडची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. असो, आजचा विषय तो नाही.)

आता माझी चूक सांगतो. 'टू टुगेदर' नावाचं एक कार्ड आहे. दोन माणसांत मिळून एकच, दोघांचे फोटो असलेलं, तेवढ्याच किमतीचं. मी म्हटलं, दोन कार्डांचे साठ कशाला घालवा, तीसमध्ये काम होतंय! परतीची तिकिटंही अ‍ॅडव्हान्सच काढली, सर्वांत स्वस्त. लंडनला पोचलो. ताईला पाहिलं आणि ही म्हणाली, "मी आठ दिवस इथेच राहते, तुम्ही जा." मी एकटा परत निघालो. गाडीत तिकीट तपासनीस आला. त्याने कार्ड पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "दुसऱ्या बाई कुठे आहेत?" ते कार्ड दोघं एकत्र असतील तरच चालतं हो! पूर्ण भाड्याचं तिकीट नव्याने घ्यावं लागलं. हिचं परतीचं तिकीटही फुकट गेलं. तीस पौंड वाचवायला गेलो आणि त्याच्या कितीतरी पट घालवले. जावयाला मी हे महिनाभर सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दोघांची वेगवेगळी सीनियर कार्डं काढली. आजारी माणसाला भेटायला जाताना अ‍ॅडव्हान्स घ्यायचं नाही, हेही ठरवलं. मँचेस्टर-लंडनचं ऑफ-पीक परतीचं तिकीट घ्यायचं. त्यावर महिन्याभरात कधीही परत येता येतं, फक्त गर्दीची वेळ सोडून. थोडं महाग पडतं, पण चार दिवस जास्त राहावंसं वाटलं तर राहता येतं.

तिसरी युक्ती लेकीच्या शेजारणीने सांगितली. एकाच प्रवासाची तिकिटं तुकड्यांत काढायची. मँचेस्टर ते लंडन एक तिकीट काढण्याऐवजी मँचेस्टर ते स्टोक आणि स्टोक ते लंडन अशी दोन. कधी कधी दोन्ही मिळून स्वस्त पडतात. गाडीतून उतरायचं नाही, जागाही सोडायची नाही. अट एकच, तुकडा जिथे पडतो त्या स्टेशनात ती गाडी थांबली पाहिजे. यात लबाडी काही नाही, त्यांच्या रेल्वेच्या नियमांतच याला मुभा आहे. दर वेळी फायदा होतोच असं मात्र नाही, दोन्ही भाडी ताडून पाहावी लागतात. वेळ असेल तर क्रूला गाडी बदलून थांबत थांबत जाणाऱ्या गाडीनेही जाता येतं. तास-दीड तास जास्त लागतो. आपल्याला कुठे ऑफिस गाठायचंय? डबे भरून घ्यायचे आणि खिडकीत बसायचं. हिने एकदा थालीपीठं नेली होती, समोरच्या आजीबाईंनी दोन खाल्ली.

अशा चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला ही तीन आठवडे ताईजवळ राहिली. आम्ही मुंबईला परतल्यावर दीड महिन्याने ताई गेली.

ज्यांना उन्हाळ्यात जायचंय त्यांनी पासपोर्ट घेऊन माझ्याकडे यावं, कार्डाचा अर्ज मी मोबाईलवर भरून देईन. दुपारी दोन ते चार सोडून, कारण तेव्हा नातीचा फोन असतो.