थोरांची चरित्रे आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे आयुष्य शाळेत गेले. तेव्हा शाळेविषयीच बोलते.

नागरिकाची कर्तव्ये मुले घडाघडा पाठ म्हणतात. पण कर्तव्यबुद्धी पाठांतराने अंगी बाणत नाही. म्हणून आम्ही थोरांची चरित्रे सांगतो. मात्र जन्मतिथी, पुण्यतिथी आणि हार घातलेली तसबीर एवढेच पुढे ठेवले, तर मूल नमस्कार करून मोकळे होते. त्या माणसाने नेमके काय केले आणि त्यापायी काय सोसले, हे सांगितले म्हणजे ते विचारात पडते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचेच पाहा. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढल्याच वर्षी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला.

हौदाची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि विचारीत असे, “मुलांनो, हा हौद कुणाचा होता?” गावाचा नव्हे, सरकारचा नव्हे, घरचा होता! एका वर्षी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आमच्या घरी कामाच्या मावशींचा कप वेगळा असतो. तो का?”

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. “तुम्ही इतिहास शिकवता की उलट उत्तरे द्यायला शिकवता?” असे तिने मला विचारले. मी म्हटले, “अहो, प्रश्न तुमच्या लेकीचा आहे. उत्तर तुम्हीच द्यायला हवे.” ती काही न बोलता निघून गेली. त्या घरातल्या कपाचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. पण त्या मुलीला धडा कळला होता, एवढे खरे.

भगिनींनो, चरित्र शिकवण्याचे निम्मे काम शाळेत होते. निम्मे आपल्या स्वयंपाकघरात. शाळेत समता आणि घरी वेगळा कप, असे असले तर मूल एवढेच शिकते की थोरांच्या गोष्टी केवळ परीक्षेपुरत्या असतात. आणि हे शिकलेले मूल मोठेपणी नळावर, रांगेत, कचेरीत तसेच वागते.

म्हणून माझी एक लहानशी विनंती आहे. आज कार्यक्रमानंतर चहा होईल. सकाळपासून सतरंज्या घालणाऱ्या, भांडी घासणाऱ्या मावशींना तो आपल्याबरोबर, आपल्याच कपांतून द्यावा. मुले इथे बसलेलीच आहेत, ती पाहतील. त्यांना निराळे काही सांगावे लागणार नाही.