जुना मालट्रक घेतांना

घरांतील कर्ता मुलगा एके दिवशीं सांगतो कीं, दुसऱ्याची गाडी हांकण्यापेक्षां स्वतःचा मालट्रक बरा. नवा ट्रक आवाक्याबाहेर असतो. मग वडिलांच्या फंडाची रक्कम व आईचे दागिने यांच्या भरंवशावर जुन्या ट्रकचा सौदा ठरतो, आणि पुष्कळदां तो ठरतो नुसता ताजा रंग पाहून! पुढें गाडी महिनेच्या महिने मिस्त्रीच्या दारांत उभी राहते, आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच असतात.

म्हणून पहिला विचार ट्रकचा नव्हे, ओझ्याचा करावा. हलकीं खोकीं वाहणारी गाडी खडी किंवा लोखंड वाहण्यास पुरी पडेलच असें नाहीं. नोंदणीपुस्तकांत भरलेल्या गाडीचें कमाल वजन व रिकाम्या गाडीचें वजन असे दोन आंकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे कायद्यानें नेतां येणारें ओझें. केंद्र सरकारनें २०१८ सालीं वजनाची मर्यादा वाढविली. चार टायरांच्या एका एक्सलवर १०.२ टनांऐवजीं ११.५ टन भार मान्य झाला. परंतु कागदावरची मर्यादा वाढल्यानें जुने एक्सल आणि ब्रेक कांहीं बळकट होत नाहींत.

आतां इंजिनाकडे वळूं. रुडॉल्फ डीझेल यांचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी ठरलें. तें ठिणगीवर चालत नाहीं. त्यांत कोंडलेली हवा इतकी तापते कीं, आंत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. रिंगा झिजल्या कीं हवा निसटते आणि थंड इंजिन सुरू होण्यास कुरकुर करतें. कांहीं विकणारे हें जाणून असतात. गिऱ्हाईक येण्यापूर्वींच ते गाडी तापवून ठेवतात. यासाठीं पहांटे जावें आणि प्रथम इंजिनाला हात लावून पाहावा. मग धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर इंधन नीट जळत नाहीं किंवा पाणी आंत शिरत आहे. दाट काळा धूर म्हणजे हवा अपुरी, इंधन अधिक.

तथापि इंजिन उघडून पुन्हां बांधतां येतें. खरी परीक्षा चासीची. ट्रकखालीं शिरून ताजें वेल्डिंग, मागाहून ठोकलेल्या पट्ट्या, तडे व एका बाजूस कललेले कमानपाटे शोधावे. अशा खुणा आढळल्यास गाडीनें झेपेल त्याहून जास्त माल वाहिला असण्याचा दाट संभव असतो. मग माल भरून चढावर न्यावी. क्लच घसरतो काय, उतारावर ब्रेक धरतात काय, हें रिकाम्या गाडींत कळत नाहीं.

अखेरीस कागद. चासीवर कोरलेला नंबर नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. बँकेचा बोजा, थकलेला कर, दंड, विमा व फिटनेस यांची खात्री करावी.

कोणी म्हणेल, इतकी चिकित्सा केली तर सौदा हातचा जाईल. जाऊं द्यावा. विश्वासू मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन बरोबर न्यावें. टायर व दुरुस्तीसाठीं कांहीं रक्कम हातीं राखावी. आणि मिस्त्री 'नको' म्हणाला तर रिकाम्या हातीं घरीं परतावें. त्या दिवशीं आईचे दागिने घरांत राहिले, हा लाभ लहान नव्हे.