पाळण्यातून उतरल्यावर



एरवी या वेळेला आपण कर्जफेड, शेळीपालन, सोयाबीनचं बियाणं, पापड-कुरड्यांची विक्री असं काहीबाही बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचं आहे पाळण्याबद्दल. बाळाचा नव्हे, यात्रेतला आकाशपाळणा. बाळाच्या पाळण्याची दोरी आयुष्यभर आपल्याच हातात असते. त्यात बसणारं दुसरं आणि हलवणाऱ्या आपण. यात्रेतल्या पाळण्यात मात्र आपल्याला बसायला मिळतं. म्हणूनच आम्हाला वाटलं, यावर एकदा बोलावं.

आपल्या जिल्ह्याला यात्रांची कमी नाही. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते. देऊळगाव राजाला बालाजीची भरते. गावोगावच्या लहान यात्रा तर वेगळ्याच. दर्शन झालं की लेकरं हात धरून पाळण्याकडे ओढतात. मग आपण काय करतो? लेकरांना बसवतो आणि आपण खाली चपला, पिशव्या आणि प्रसादाचा नारळ सांभाळत उभ्या राहतो.

आमच्या भागातल्या गटांतल्या बाया गेल्या खेपेला मिळून यात्रेला गेल्या, तेव्हा ठरवून पाळण्यात बसल्या. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, "कसं वाटलं?" आधी सगळ्या हसल्या. मग एकेक बोलू लागली.

एक म्हणाली, "पोटात असा गोया आला न बाई, मले वाटलं आता काही खरं नाही." दुसरी म्हणाली, "मी त डोये मिटूनच बसली, मले काही दिसलंच नाही." तिसरीनं हिशोब मांडला, "तेवढ्यात घरी दोन दिवसाची भाजी आली असती." सगळ्यांत शेवटी एक वयस्क मावशी बोलल्या. एरवी त्या बैठकीत तोंड उघडत नाहीत. त्या म्हणाल्या, "लय वर्षानं इतक्या मोठ्यानं ओरडली मी. कोणं गप बस म्हटलं नाही."

यावर बैठकीत कोणी काही बोललं नाही. पण प्रत्येकीला ते कळलं.

आता पोटात गोळा का येतो, ते पाहू. राजूर घाटातून एसटीच्या मागच्या सीटवर बसून आलेल्या बाईला हे चटकन समजेल. गाडी आदळून खाली जाते तेव्हा क्षणभर सीट आपल्या खालून निघून जाते. आपण तरंगतो आणि पोटातलं सगळं हलकं होतं. पाळणा वरून खाली येतो तेव्हा तेच घडतं. त्यात भित्रेपणा काही नाही, शरीराचा तो धर्मच आहे. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका पार्कात 'नायट्रो' नावाची झुलती गाडी आहे. साखळीनं तिला उंच ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढे ती आपल्याच वजनाच्या वेगानं धावते, उलटीपालटी होते. ती रुळावरून सुटत नाही, कारण तिची चाकं रुळाच्या वरून, बाजूनं आणि खालूनही रूळ धरून असतात. आपण खिळलेलं माप आणि झाकण दोन्हीकडून घट्ट धरतो ना, तसंच.

परदेशात तर अशा पाळण्यांचे शौकीन असतात. त्यांच्या संघटना आहेत. अमेरिकेतली एक संघटना १९७८ पासून चालते. नवीन पाळणा निघाला की ही मंडळी गावं पालथी घालून तिथे पोचतात, बसतात आणि आपलं मत सांगतात. उंची कशी, वेग कसा, रांग किती, पैसे वसूल झाले का, सगळं. आपल्याकडे जाणती बाई लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर वरणापासून बुंदीपर्यंत मत देते, अगदी तसं.

त्यातला एक पाळणा आपल्या गटांनी ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डिस्नीच्या पार्कात एक पाण्यातला खेळ होता. लाकडाच्या ओंडक्यासारख्या होडीत बसायचं आणि शेवटी साधारण पन्नास फुटांवरून पाण्यासोबत खाली यायचं. लोकांचा फार आवडता खेळ. पण त्यातली गोष्ट १९४६ च्या एका चित्रपटातून घेतलेली होती आणि त्या चित्रपटात काळ्या लोकांचं गुलामीनंतरचं जिणं खोटं, गोड करून दाखवलं होतं. २०२० साली अनेकांनी मागणी केली, ही गोष्ट काढा आणि टियानाची गोष्ट लावा. टियाना ही डिस्नीच्या चित्रपटांतली पहिली काळी राजकन्या. लहानपणापासून स्वयंपाकात हुशार, हॉटेल काढायचं म्हणून नाणं नाणं साठवणारी.

जुना खेळ जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. शेवटच्या दिवशी लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. काहींनी तिथलं पाणी बाटलीत भरून विकायला काढल्याच्या बातम्याही आल्या. आपण गंगेचं आणतो, त्यांनी पाळण्याचं आणलं! नवा खेळ २८ जून २०२४ ला सुरू झाला. आता ऐका, त्या नव्या गोष्टीत टियाना काय करते? ती खाद्यपदार्थांची सहकारी कंपनी चालवते, तिथे काम करणारेच तिचे मालक. म्हणजे आपल्यासारखंच की! आपण मसाला कांडतो, पापड लाटतो, मिळून विकतो. सातासमुद्रापार लोक रांगा लावून बसतात, ती गोष्ट एका कष्टाळू बाईच्या सहकारी धंद्याची आहे.

लोक काय म्हणाले? सगळ्यांचं एकमत झालं नाही. काहींना हलत्या-बोलत्या बाहुल्या आणि संगीत फार आवडलं. काही म्हणाले, गोष्टीत कोणी दुष्ट नाही, त्यामुळे रंगत नाही. सुरुवातीला खेळ मधेच बंद पडायचा, त्यावर लोक कुरकुरले. जुन्या खेळाच्या आठवणीनं हळहळणारेही होते. आणि आपल्यासारखी दिसणारी राजकन्या पाहून काळ्या मुली आणि त्यांच्या आया हरखल्या. प्रत्येकीचं मत वेगळं, पण प्रत्येकीला मत होतं आणि तिनं ते सांगितलं.

जुनं बंद झाल्याची हळहळ आपल्यालाही माहीत आहे. शेगावला गजानन महाराज संस्थानचं आनंदसागर आठवा. तळं, बाग, बेटावरचं ध्यानकेंद्र, लेकरांची झुकझुक गाडी. आपल्यातल्या किती जणींची लग्नानंतरची पहिली सहल तिथली! ते काही वर्षं बंद राहिलं, तेव्हा शेगावहून आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न असायचा, "आनंदसागर सुरू झालं का?" पुढे त्याचा काही भाग पुन्हा खुला झाला, तेव्हा ही बातमी दर्शनाच्या बातमीइतकीच गावोगाव फिरली. बागेवर, गाडीवर, पाळण्यावर माणसाचा जीव जडतो. त्यात थिल्लर काही नाही.

आता पैशाचं बोलू, कारण घरात पहिला प्रश्न तोच निघतो. "बायकांना कशाला पाहिजे पाळणा?" असं विचारणाऱ्याला यात्रेतलं पान आणि चहा कोणी मोजून दाखवत नाही. तरीही आपण चोख राहू. सहलीसाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, अंतर्गत कर्ज काढायचं नाही. ज्यांना जायचं त्यांनी बैठकीला दहा-दहा रुपये वेगळे ठेवायचे, त्याची वेगळी वही करायची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तेव्हा जाण्यायेण्याचा भार पूर्वीइतका राहिलेला नाही. जिला पैसे जमत नाहीत, तिला मागे ठेवायचं की तिची वर्गणी सगळ्यांनी उचलायची, हे गटानं आधी ठरवावं. यात्रेच्या दिवशी ठरवायला गेलं की कोणीतरी मनातून दुखावतं.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं, जिवाचं. मोठ्या नामांकित ठिकाणीही अपघात होतात. फ्लोरिडात ऑरलँडो शहरात २२ मे २०२५ ला एक नवं भव्य पार्क उघडलं. तिथल्या एका वेगवान झुलत्या गाडीचं सगळ्यांनी कौतुक केलं. त्याच गाडीत बसलेल्या ३२ वर्षांच्या एका माणसाचा सप्टेंबरमध्ये मार लागून मृत्यू झाला. मग यात्रेत दोन दिवसांत उभ्या केलेल्या पाळण्याजवळ आपण डोळे उघडे ठेवायला नकोत का?

बसायच्या आधी खालून एक फेरी पाहा. जमीन सपाट आहे का, पाया हलतो का, बसायच्या खुर्चीची कडी आणि दांडा नीट लागतो का. चालवणाऱ्याला सरळ विचारा, "आज रिकामा फिरवून पाहिला का?" तो चिडला तर बसू नका. केस मोकळे नकोत, वेणी असेल तर अंबाडा बांधा. पदर कमरेला खोचा, मुलींची ओढणी काढून पिशवीत ठेवा. केस आणि कपडा चाकात अडकला की काय होतं, ते सांगायला नको. फिरताना उभं राहायचं नाही, फोटोसाठी हात बाहेर काढायचा नाही. लेकरू लहान असेल तर हट्ट करू दे, रडू दे.

आणखी एक नाजूक गोष्ट. दिवस गेलेले असतील, पाळी चुकलेली असेल, रक्तदाब असेल, पाठीचा त्रास असेल, पिशवीचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर बसू नका. पहिल्या महिन्यांत बाई लाजेनं सांगत नाही आणि मैत्रिणी "चल गं" म्हणून ओढतात. म्हणून नियम करा. जी "नको" म्हणेल तिला कारण विचारायचं नाही. तिनं खाली उभं राहून पिशव्या सांभाळाव्यात आणि बाकीच्यांनी उतरल्यावर तिला रसवंतीत रस पाजावा.

यात्रेत पाळणा लावायला प्रशासनाची परवानगी लागते. आपल्या गावची यात्रा असेल तर ग्रामसभेत विचारा, परवानगी घेतली का, तपासणी कोणी केली. लाइट, पाणी, बायकांसाठी मुतारी यांबद्दलही विचारा. पंचायतीला पाळण्याबद्दल प्रश्न करणारी बाई उद्या रेशनबद्दलही करेल.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. पाळणा, सिनेमा, सहल, भजनाची वारी, काहीही असू द्या. प्रत्येकीला विचारा, "तुला कसं वाटलं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कोणी म्हणेल आवडलं, कोणी म्हणेल पैसे वाया गेले. दोन्ही ऐकून घ्या. ज्या गटात बाई पाळण्याबद्दल मोकळेपणानं बोलू शकते, त्या गटात ती कर्जाबद्दल आणि घरातल्या मारहाणीबद्दलही बोलेल, असा आमचा अनुभव आहे.

तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.