आठ मोजेपर्यंत हलायचं नाही

आम्ही पवना धरणाच्या काठावरच्या बचत गटातल्या बाया. शनिवार-रविवारी तिथं चूल मांडून पिठलं-भाकरी विकतो. गिऱ्हाईक बहुतेक पिंपरी-चिंचवड, चाकणकडचं, कंपन्यांत काम करणारी पोरं-पोरी. त्यातले काही जण तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावतात, बटण दाबतात आणि नुसते उभे राहतात. आम्हाला आधी वाटायचं, कॅमेरा अडकला की काय!

एकदा एका मुलीनं फोटो दाखवला. समोर तुंग किल्ला अगदी ठसठशीत, पाणी मात्र दुधावरच्या सायीसारखं, लाट म्हणून नाही. सुंदरच होता. पण आम्ही तर तेव्हा समोरूनच भांडी घेऊन ये-जा करत होतो. आम्ही कुठं गेलो?

ती म्हणाली, "काकू, झडप अर्धा मिनिट उघडी होती. जे थांबलं ते उमटलं, जे चालत राहिलं ते पुसलं."

आम्हाला ते रांगोळीवरून पटलं. हात एका जागी धरला तर रंगाचा ढीग पडतो, भरभर फिरवला तर चार कण. उजेडाचंही तसंच. लाट एका जागी थांबत नाही, म्हणून सगळ्या लाटा एकात एक मिसळून धुकं होतं. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी गजबजलेल्या रस्त्याचा असाच फोटो घेतला होता. त्यात गाड्या नाहीत, गर्दी नाही. ठळक दिसतो तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला!

मग आम्हीही करून पाहिलं. दिवसा उजेड फार असतो, त्यासाठी ते लोक भिंगापुढं काळी काच लावतात. आमच्याकडं कुठली काच? म्हणून सूर्य बुडाल्यावर. फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो' असेल तर त्यात शटरचा वेळ वाढवता येतो, आम्ही आठ सेकंद ठेवतो. आयएसओ सगळ्यात कमी. फोन हातात धरायचा नाही, धरला की सगळंच फिसकटतं. घमेलं पालथं घालायचं, त्यावर तांदळाची पिशवी, पिशवीत फोन रुतवायचा. बटण दाबतानाही फोन हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. काठाचा गाळ घसरडा असतो, अंधारात एकटीनं जाऊ नका.

उशिरा फोटो काढला की पूर्वेचं आभाळ तांबूस येतं. डोळ्यांना एवढं दिसत नाही. ते शहराचे दिवे. आमचंच पाणी नदीनं खाली जातं आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून शहर ते उचलतं.

मे महिन्यात पाणी उतरलं आणि वाघेश्वराचं दगडी देऊळ उघडं पडलं. आमच्या गटातल्या आक्कांचं माहेर या पाण्याखाली गेलं. धरण झालं तेव्हा त्या लहान होत्या. देवळाचं नाव निघालं की त्या गप्प होतात. त्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "मला तिथं उभी करा."

आम्ही मोठ्यानं आठ मोजले. आक्का हलल्या नाहीत, वाऱ्यानं पदर तेवढा हलला. फोटोत देऊळ स्पष्ट, आक्कांचा चेहरा स्पष्ट आणि पदराचा धूर झालेला. त्या बराच वेळ फोन धरून बसल्या. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही गं? या सगळ्या."

पुन्हा घमेलं, पुन्हा पिशवी. सहाजणी रांगेत उभ्या राहिलो. मोजायला लागलो तोच तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला. एक जण पळाली. त्या फोटोत आम्ही पाचजणी आहोत आणि कडेला चुलीकडं जाणारा एक फिकट पट्टा. भाकरी वाचली.