दूरची मैदानं



"घरात एवढं आजारपण असताना तुम्ही खेळायला जात होता?" हा प्रश्न मला गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कितीतरी ठिकाणी विचारला गेला. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेव्हा उत्तर द्यायला ना वेळ होता ना त्राण. आज आकाशवाणीनं संधी दिली आहे, तर सांगते.

होय, मी जात होते. गोल्फची बॅग घेऊन रेल्वेनं पुण्याला, दिल्लीला, कलकत्त्याला, बसनं महूला जात होते. त्या वर्षांत घरी पक्षाघातानं उजवं अंग आणि वाचा गेलेले माझे यजमान होते, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या, शाळेत जाणारी मुलगी होती.

गोल्फ हा शब्दही माझ्या माहेरी कुणाला ठाऊक नव्हता. लग्न झालं ते लष्करातल्या अभियंत्याशी. वाहनं, तोफा, यंत्रं चालती ठेवणारा जो ईएमई विभाग आहे, त्यात हे होते. त्या विभागाचं मोठं प्रशिक्षण केंद्र इथं भोपाळला बैरागढमध्ये आहे. शेवटची बदली इथली झाली, तलाव आवडला, माणसं आवडली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथंच राहिलो. खेळ मला ह्यांनी शिकवला तो त्याच्या बऱ्याच आधी, लहानशा छावण्यांमधून. अशा छावण्यांतल्या मैदानांवर तेव्हा पाण्याची वानवा असे. चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती हिरवळीऐवजी तेल मिसळून दाबलेली वाळू असायची. तिला ब्राउन म्हणत. प्रत्येकाचा खेळ झाला की एक माणूस ती वाळू ओढून सारखी करायचा. मी त्या वाळूवर शिकले, म्हणून पुढे खऱ्या हिरवळीवर चेंडू कसा घरंगळेल याचा अंदाज यायला मला फार वेळ लागला.

भोपाळ तर हॉकीचं गाव. १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात हरत आलेल्या भारताला बरोबरी साधून देणारा अस्लम शेर खान इथलाच. इथं पोराच्या हातात स्टिक दिसली तर कुणी वळून बघत नाही. पण गोल्फ छावणीच्या भिंतीआड चालतो, बाहेरच्याला तो दिसतच नाही. त्यामुळे एक मराठी बाई खांद्यावर ती लांबलचक बॅग अडकवून भोपाळ स्टेशनवर झेलम एक्स्प्रेसची वाट बघत उभी राहिली की हमाल विचारायचे, "मॅडम, इसमें क्या बाजा है?"

निवृत्तीनंतर थोड्याच काळात ह्यांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवं अंग त्या बाजूच्या ताब्यात असतं आणि बहुतेक माणसांची भाषाही. ह्यांचं दोन्ही गेलं. समजत सगळं होतं. पण पाणी मागायचं असलं की तोंडातून भलताच शब्द यायचा, तो चुकीचा आहे हे त्यांना कळायचं आणि डोळे भरून यायचे. शेकडो माणसांना हुकूम देणारा आवाज होता तो. त्या पहिल्या वर्षी आम्ही घरात एकमेकांशी फार कमी बोललो, कारण त्यांच्यासमोर बोलणंही निर्दयपणाचं वाटायचं.

सासूबाई तिन्हीसांजेला दिवा लावून रामरक्षा म्हणत. एका संध्याकाळी त्यांच्या आवाजात ह्यांचा आवाज मिसळला. पाणी मागता न येणारा माणूस रामरक्षा म्हणत होता, अडखळत, पण ओळीमागून ओळ. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत, म्हणणं थांबवलं नाही, फक्त लय सावकाश केली. दुसऱ्या दिवशी मी हे वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं पुष्कळदा होतं. लहानपणापासून पाठ असलेलं, एकामागून एक आपोआप येणारं जे असतं, म्हणजे आकडे, वार, स्तोत्रं, ते वाचा गेली तरी बऱ्याच जणांचं शाबूत राहतं. त्याचाच हात धरून पुढं जायचं.

आकडे! गोल्फच्या लोखंडी क्लबांना, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांना, आकडेच तर असतात. तीन नंबरचा जवळजवळ सरळ तोंडाचा, त्यानं मारलेला चेंडू खालून आणि लांब जातो. नऊ नंबरचा मागे कललेला, त्यानं चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो. मधले सगळे क्रमानं. कोणत्या जागेवरून कोणता क्लब घ्यायचा, यातच निम्मा खेळ असतो. मी मुलीच्या चित्रकलेच्या वहीत बैरागढच्या मैदानाचा एक होल, म्हणजे सुरुवातीपासून भोकापर्यंतचा एक टप्पा, काढला. झाडं, वाळूचा खड्डा, माझा चेंडू पडला होता ती जागा. आणि विचारलं, "इथून काय घेऊ?" ह्यांनी चित्राकडे बराच वेळ बघितलं. मग मोजायला लागले, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आणि सातवर थांबले. नेमका सात हा आकडा एकदम उच्चारता येत नव्हता, पण एकपासून निघून त्यांना तिथं पोचता येत होतं. श्रोतेहो, त्या दिवशी आमच्या घरात कितीतरी महिन्यांनी एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचं बरोबर उत्तर मिळालं.

बैरागढचं मैदान ह्यांना पाठ होतं. तिथली चित्रं लवकरच संपली. विचार करायला लावतील अशी मैदानं हवी होती, ह्यांनी कधी न पाहिलेली. सासूबाईंनीच विषय काढला. "अगं, पुण्याला बायकांच्या स्पर्धा होतात म्हणतेस ना? जाऊन ये. त्याला नवीन काहीतरी आण." मी म्हटलं, "आई, घर?" त्या म्हणाल्या, "घर मी बघते. मी काय आज आले आहे का या घरात?"

फक्त ह्यांच्यासाठी जात होते असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला खेळायचंही होतं. दिवसभर कुशीवर वळवणं, अंथरूण बदलणं, औषधांच्या वेळा, पेन्शनमधून फिजिओथेरपीचा खर्च भागवणं, हे सगळं करताना माझं अंग माझं राहिलं नव्हतं. मैदानावर पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागेवर, उभी राहिले की खांदे पुन्हा माझे व्हायचे. याची मला लाज वाटत नाही. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईनं हसू नये, नीट साडी नेसू नये, कुठं जाऊ नये, अशी जी अपेक्षा असते, ती मला अन्यायाची वाटते आणि हे मी मोठ्यानं सांगू इच्छिते.

रात्री ह्यांच्याजवळ थांबायला छोला भागातल्या एक बाई यायच्या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली ती वायुगळतीची रात्र त्यांनी त्या वस्तीत काढली होती. नवरा त्या रात्री गेला, त्यांच्या स्वतःच्या छातीत वायूनं कायमचं घर केलं. थंडी सुरू झाली की जिना चढताना तीनदा थांबायच्या. माझ्या दुःखाची त्यांच्यापुढे काय कथा? तरी पहिल्या वेळी मी बॅग भरताना रडत होते, तेव्हा त्यांनीच चेन ओढून लावली आणि म्हणाल्या, "आप जाइए, साहब को मैं देख लूँगी. मुझे तो वैसे भी रात को नींद नहीं आती." माझ्या प्रत्येक प्रवासाच्या मागं ही वाक्यं उभी होती. ट्रॉफ्या आमच्या घरी मोजक्याच आहेत, पण ज्या काही आहेत त्या सासूबाईंच्या आणि या बाईंच्याही आहेत.

पुण्याचा प्रवास झेलमनं, शयनयान वर्गातून. बॅग बर्थखाली मावायची नाही, म्हणून मी ती बर्थवर घेऊन झोपायची. इटारसी, खंडवा, भुसावळ, मनमाड. भुसावळला उतरून पिवळ्या एसटीडी बूथमध्ये शिरायचं, नंबर फिरवायचा, पलीकडून मुलगी सांगायची, "बाबा जेवले. आजी ठीक. तू खेळ." गाडी सुटायच्या आत एवढं ऐकलं की पुढची रात्र झोप लागायची. क्लब जुने विकत घेतलेले. चेंडू खेळाडूंच्या बॅगा वाहणारी कॅडीची पोरं पाण्यात उतरून काढायची तेच, स्वस्तात मिळणारे.

दिल्ली गोल्फ क्लबवर पहिल्यांदा गेले तेव्हा माझा श्वास अडकला. दाट झाडीतून काढलेल्या अरुंद वाटा, मोर, आणि मैदानातच जुन्या कबरी, घुमट. लाल बंगला नावाची लाल दगडाची कबर तर खेळताना समोरच येते. मी त्या मैदानाची चित्रं काढायला इतकी अधीर होते की परतीच्या शताब्दीत वही मांडीवर घेऊनच बसले. घरी आल्यावर ह्यांनी एका होलवर बोट ठेवलं. मी तिथं पाच नंबर मारून झाडीत गेले होते. ह्यांनी मोजलं आणि सातवर थांबले. मग डाव्या हातानं खूण केली, लहान मार, वाटेत राहा. बरोबर होतं ते. पुढच्या वर्षी मी तसंच खेळले.

कलकत्त्याला रॉयल कलकत्ता क्लब पाहिला. १८२९ चा, ब्रिटनच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना गोल्फ क्लब. जागोजागी पाणी. तिथं चेंडू कुठं पडतो ते बघायला पुढं एक माणूस पाठवतात, त्याला आगेवाला म्हणतात. मी चित्रात त्या आगेवाल्यालाही काढलं. तोपर्यंत ह्यांना मोजल्याशिवायही काही आकडे सांगता येऊ लागले होते. झाडांची नावं यायला लागली होती. आंबा आधी आला, मग चिंच. वाचा पूर्ण कधीच परत आली नाही, पण आमचा संवाद परत आला.

कॅडींबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. हरवलेला चेंडू शोधायला नियमानं तेव्हा पाच मिनिटं मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात. त्या पाच मिनिटांत झुडपं बाजूला सारताना कॅडी आपल्या घरचं बोलायचे. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाचं पोर शाळेतून काढलेलं. पावसानं मैदान बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. या माणसांना खेळ आमच्याहून जास्त कळत होता आणि त्यातल्या काहींनी तो सिद्धही केला. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू.

आणि आपल्या मध्य प्रदेशचा मुकेश कुमार! बाबासाहेब आंबेडकर जिथं जन्मले, त्या महूचा. छावणीच्या मैदानावर बॅगा वाहता वाहता शिकलेला. देशांतर्गत शंभराहून अधिक स्पर्धा त्यानं जिंकल्या, पण देशाबाहेर तो फारसा गेला नाही, म्हणून मोठ्या मथळ्यांत कधी आला नाही. महूला मी बसनं जायची, आष्टा, सोनकच्छ, देवास करत, आणि तिथल्या कॅडींच्या तोंडी त्याचं नाव ऐकायची. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीला पॅनासॉनिक ओपन तो जिंकला, एकावन्नाव्या वर्षी. आशियाई टूरवर पहिलं विजेतेपद इतक्या वयात तोवर कुणीच मिळवलं नव्हतं. पेपरातला फोटो मी ह्यांच्यापुढं धरला. ह्यांनी डावा हात उशीवर आपटला आणि स्पष्ट म्हणाले, "महू." सासूबाई तोवर गेल्या होत्या. हे ऐकायला त्या हव्या होत्या.

हे गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. ७ ऑगस्ट २०२१ ला पहाटे मुलगी आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती आणि तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. एका फटक्यानं पदक हुकलं, चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि साहजिकच देश त्या आनंदात बुडाला. पण मी दिवसभर त्या आईचा विचार करत होते. मुलगी म्हणाली, "आई, तू बाहेर असायचीस तेव्हा मला राग नाही यायचा. तू काय काढून आणशील याची वाट बघायचो आम्ही तिघं." हे तिनं मला इतक्या वर्षांनी सांगितलं.

आता स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एका मैदानावर, नाव सांगत नाही, घरून माझ्यासाठी फोन आला होता. ह्यांना ताप चढला होता. निरोप मला खेळ संपल्यावर मिळाला. नियम असा की खेळणाऱ्याला मध्येच त्रास द्यायचा नाही. आज खिशात मोबाइल असतो, पण बऱ्याच क्लबांत तो मैदानावर चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण आजारी माणूस घरी ठेवून आलेली बाई प्रत्येक स्पर्धेत एखादी तरी असतेच. पहिल्या टीवर नावं पुकारणाऱ्या स्टार्टरपाशी एक वही ठेवा. जिला गरज आहे तिनं घरचा नंबर त्यात लिहावा आणि घरच्यांना स्टार्टरचा नंबर द्यावा. फोन आला तर मैदानावर माणूस धाडा आणि निरोप तिच्यापर्यंत लगेच पोचवा, ती कितव्याही होलवर असो. थांबायचं की खेळायचं हे ती ठरवेल. टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळही, आदल्या रात्री न सांगता आठवडाभर आधी कळवा, म्हणजे घरी कुणाला थांबवायचं ते तिला ठरवता येईल. याला पैसा लागत नाही. महूला पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, तिथं ही वही ठेवायचं कबूल झालं आहे. ती घेऊन मीच जाणार आहे.