गाडीखाली वाकून बघा

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या बचत गटांची समन्वयक. हिशोबाच्या वह्या, कर्जाचे हप्ते, महिन्याच्या बैठका यांत माझे दिवस जातात. आज मात्र मी जुन्या पिकअपला लागणाऱ्या गंजाबद्दल बोलणार आहे. कुणी म्हणेल, हे तर गॅरेजवाल्याचं काम. आम्हीही तसंच म्हणायचो, आणि तेच महागात पडलं.

आमच्या एका गटातल्या बाराजणी मासळी विकतात. पहाटे बंदरावरून माल उचलायचा आणि बाजार गाठायचा. टेम्पोचं भाडं परवडेना, म्हणून गटाने कर्ज काढून जुना पिकअप घेतला. गाडी नऊ वर्षांची, पण रंग ताजा, पांढराशुभ्र. आम्ही कागदपत्रं तपासली, टायर पाहिले, नारळ फोडला. गाडीखाली वाकून मात्र कुणीच पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एक मावशी बर्फाची पेटी उतरवायला हौद्यात चढल्या आणि पत्रा फाटून त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. नडगीला नऊ टाके पडले, तीन आठवडे धंदा बंद. हौद्याचा तळ आणि त्याखालचे आडवे पट्टे बदलायला बेचाळीस हजार रुपये लागले, तेही कर्जाचा हप्ता चालू असताना.

मेस्त्रींनी काढलेला पत्रा आम्हाला दाखवला. वर रंग, त्याखाली पुट्टी आणि त्याखाली नुसता तपकिरी भुगा. गंज कुणी काढलाच नव्हता, झाकला होता.

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज धरतो. त्यात मीठ आलं की तो झपाट्याने वाढतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. मासळीच्या पेट्यांतून गळणारं पाणीही खारटच. ते हौद्याच्या सांध्यांत शिरतं. पाणी वाळलं तरी मीठ तिथेच राहतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून फुगवतो. रंगावर फोड दिसला की समजायचं, आत काम सुरू झालंय.

आता आम्ही काय करतो ते सांगते.

रोज माल उतरल्यावर हौदा गोड्या पाण्याने धुतो. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरत नाही. आठवड्यातून एकदा पाइप लावून गाडीची खालची बाजू, चाकांवरची मडगार्डं, पाटे आणि चासी धुतो. मग फाळका उघडा ठेवून गाडी उन्हात वाळवतो. ओल्या हौद्यावर ताडपत्री टाकून ठेवायची नाही. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली तर दरवाजा आतून सडतो. आम्ही ती खराट्याच्या काडीने मोकळी करतो. केबिनमधलं रबरी मॅटही उचलून बघतो, कारण त्याखाली ओल दडून राहते.

महिन्यातून एकदा गंजाची पाहणी. तांबूस डाग दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायचं. खणखणीत आवाज आला आणि पत्रा दबला नाही, तर गंज वरवरचा आहे. बद्द आवाज आला, पोपडे सुटले किंवा टोक आत गेलं, तर मेस्त्रींकडे जायचं.

वरवरचा गंज घरी काढता येतो. आधी डाग धुऊन पूर्ण वाळवा. मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, हातात मोजे हवेतच. खाचेत गंज राहिलाच तर रस्ट कन्व्हर्टर मिळतं, ते डब्यावरच्या सूचनेप्रमाणे लावा. नंतर त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर, आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन हात. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं तर दमट हवेत सकाळी पुन्हा तांबूस दिसतं. हे काम पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये उरकायचं. खालच्या बाजूला अंडरबॉडी कोटिंगही करून घ्यावं, पण गंज काढून आणि गाडी पूर्ण वाळवूनच. नाहीतर ओल आतच कोंडली जाते.

काही जण गाडीखाली जळकं ऑईल फासतात. त्याने रबरी बुश खराब होतात, ब्रेकवर उडालं तर धोका, आणि पहिल्या पावसात ते ओघळून विहिरी-खाडीत जातं. आम्ही ते बंद केलं. आणखी एक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चासीला, पाट्यांच्या आधाराला किंवा ब्रेकच्या नळ्यांना गंज असेल, तर घरचा उपाय नकोच. तिथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

जुनी गाडी घेणार असाल तर एक साधा लोहचुंबक सोबत न्या. पत्र्यावर ठिकठिकाणी लावून बघा. जिथे तो धरत नाही, तिथे जाड पुट्टी भरलेली असू शकते. नुकताच काळा रंग मारलेली चासी दिसली तर जास्तच बारकाईने बघा. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. पण नुसत्या कागदावर विसंबू नका. भरवशाच्या मेस्त्रींना सोबत न्या आणि त्यांच्याबरोबर स्वतःही वाकून बघा.

खरं सांगायचं तर एवढं करूनही समुद्राकाठी गंज पूर्ण थांबत नाही. तो हळू होतो, आणि आपल्याला वेळेत कळतो. आता आमच्या बैठकीच्या वहीत हप्त्याच्या रकान्याशेजारी गाडी धुण्याच्या पाळ्यांचा रकाना आहे. पहिली सही त्या मावशींचीच असते. दसऱ्याला गाडीला हार घालायला सगळ्या जमतात. मावशी मात्र आधी बॅटरी लावून खालून गाडी बघतात आणि मगच म्हणतात, "घाला आता हार."

तुमच्या दारात जुनी गाडी उभी असेल, तर उद्या सकाळी पाच मिनिटं काढा आणि एकदा वाकून बघा.